बालकांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें?

कित्येक मंडळ्यांत सुगीच्या सुमारास थोडीबहुत वर्गणी जमते, आणि तींतून पहिली-दुसरीच्या मुलांसाठीं चार पुस्तकें घ्यावीं असें ठरतें. पैसे थोडे, दुकानांत पुस्तकें पुष्कळ. मग कोणतीं घ्यावीं? यावर वडील मंडळींचें उत्तर बहुधा तयार असतें: "ज्यांतून कांहीं बोध होईल अशीं घ्या." उत्तर सरळ दिसतें. परंतु तें पुरें आहे काय, किंबहुना तें योग्य तरी आहे काय, याचा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर करावा अशी विनंती आहे. हा प्रश्न केवळ खरेदीचा नाहीं. लहान लेंकराच्या मनावर आपला अधिकार किती, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

प्रथम वाचणारा कोण तें पाहूं. सहा-सात वर्षांचें मूल 'क' ओळखतें, मग 'का', 'कि', 'की' यांतून वाट काढतें, आणि जोडाक्षर आलें कीं थबकतें. एक एक अक्षर सोडवीत वाक्याच्या टोकाशीं पोहोंचेपर्यंत आरंभ काय होता तें त्याच्या ध्यानांतून गेलेलें असतें. अशा वेळीं 'सद्वर्तन', 'कृतज्ञता', 'परोपकार' असले शब्द पानावर आले, तर मुलाच्या पदरीं सद्वर्तन पडत नाहीं, केवळ दम लागतो. ही थट्टा नव्हे. 'असर' या नांवाची ग्रामीण मुलांची जी पाहणी देशांत होते, तिच्यांत २०२२ सालीं तिसरींतील १०० मुलांपैकीं सुमारें २० मुलांसच दुसरीच्या इयत्तेचा मजकूर वाचतां आला. २०२४ सालीं ही संख्या सुमारें २७ झाली. म्हणजे ७० हून अधिक मुलें पुस्तक हातीं धरतात खरीं, पण तें त्यांच्याशीं बोलत नाहीं.

म्हणून पुस्तक घेण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. मधलें एक पान उघडून मुलास वाचावयास सांगावें, आणि जो शब्द अडेल त्यास एक बोट मिटावें. पान संपण्यापूर्वीं पांचही बोटें मिटलीं, तर तें पुस्तक त्या मुलानें आज स्वतः वाचण्याजोगें नाहीं. (पहिलीच्या पुस्तकांत पानावर दोन-तीनच ओळी असतात, तेथें तीन बोटेंहि पुष्कळ झालीं.) तथापि तें पुस्तक टाकून द्यावें असें नव्हे. मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या बरेच पुढें असतात. जें त्यास वाचतां येत नाहीं, तें ऐकून सहज कळतें. अवघड पण सुरस पुस्तक आपण मोठ्यानें वाचून दाखवावें, सोपें पुस्तक त्याच्या हातीं द्यावें.

आतां बोधाकडे वळूं. मराठींत मुलांसाठीं छापलेलीं आरंभीचीं पुस्तकें बहुतेक भाषांतरित व बोधपर होतीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' हीं १८२८ च्या सुमाराचीं. गोष्टीच्या शेपटीस तात्पर्य बांधण्याची चाल अशी जुनी आहे, आणि मिशनांच्या छापखान्यांनींहि ती मोठ्या हौसेनें चालविली. पण तात्पर्यानें होतें काय? मूल हुशार असतें. गुण शेवटल्या ओळीसच मिळतात हें त्यास आठ दिवसांत कळतें, आणि तें कोल्हा, द्राक्षें, सारें सोडून ती ओळ तेवढी पाठ करतें. ज्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्यानें आधींच काढून ठेविला, तिच्याविषयीं विचार करण्यास त्यास काय उरलें? उधळ्या पुत्राचा दाखला आपण शेंकडों वेळां ऐकला आहे. त्याच्या शेवटीं वडील भाऊ बाहेर उभा आहे, बाप त्यास समजावीत आहे, आणि तो आंत गेला कीं नाहीं हें सांगितलेलेंच नाहीं. लहान मुलें हा दाखला ऐकून विचारतात, "मग तो गेला का?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघणें दहा तात्पर्यांच्या तोलाचें आहे, परंतु आमचे पुष्कळ उपदेशक बंधु घाईनें त्याचें उत्तर देऊन टाकतात.

कोणी म्हणतात, बोलणारे कोल्हे व उडणारे उंट हें असत्य, तें मुलांस कसें द्यावें? आमच्या मतें ही भीति अस्थानीं आहे. कोल्हा बोलत नाहीं हें शेताच्या बांधावर वाढलेल्या पोरास आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असतें. असत्य तें निराळें. खरें बोलणाऱ्या मुलास संध्याकाळीं पेढा मिळतो, कामसू बापाचें घर वर्षाच्या आंत भरतें, नापास होतो तो आळशीच, असें जीं पुस्तकें सांगतात तीं असत्य सांगतात. ज्याचे आईबाप ऊसतोडीस जातात, त्या मुलानें राबणारें माणूस उपाशी निजलेलें पाहिलें आहे. त्याच्यापुढें असें पुस्तक ठेविलें तर दोनच वाटा उरतात. एक, पुस्तक खोटें म्हणावें. दुसरी, आपला बापच कोठेंतरी वाईट असला पाहिजे असें मानावें. आणि सात वर्षांचें मूल छापील अक्षरास खोटें म्हणत नाहीं. बोधाच्या लोभानें आपण एखाद्या लेंकराच्या मनांत त्याच्या बापाविषयीं असा संशय घालावा, यापेक्षां त्यानें माकडाच्या टोपीची गोष्ट वाचून नुसतें हंसावें, हें आम्हांस शतपट नीतीचें वाटतें.

भाषेचेंहि असेंच आहे. खानदेशांत घरीं अहिराणी बोलणारें, किंवा डहाणू-तलासरीकडे वारली बोलणारें मूल शाळेंत येतें, तेव्हां नित्याच्या वस्तूंचीं नांवेंहि त्यास पुस्तकांत निराळीं भेटतात. प्रमाण मराठी शिकूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. तालुक्याच्या कचेरींत तिच्यावांचून निभाव नाहीं. परंतु पहिल्याच पानावर शब्द परका, घर परकें, चित्रांतलें जेवणहि परकें, असें असतां कामा नये. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचें काम आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, गुरांमागें जाणाऱ्यांसाठीं ती कुरणांत भरवावी, असें त्यांनीं केलें, आणि शिकविण्याचीं साधनें मुलांच्या भोंवतालच्या वस्तूंतून घेतलीं. पुस्तक निवडतांनाहि हाच मार्ग धरावा. मुलाची बोली पुस्तकांत नसली, तरी त्याचें जग असावें.

येथें एक सावधगिरी हवी. गरिबाचें घर केवळ कींव करण्यासाठीं, किंवा झाडून-पुसून स्वच्छ करण्यासाठींच ज्यांत येतें, तसलीं पुस्तकें आपलीं म्हणून घेऊं नयेत. त्यांपेक्षां परक्या घराचें पण सरळ मनानें लिहिलेलें पुस्तक बरें. माधुरी पुरंदरे यांचें 'राधाचं घर' पाहावें. घर शहरांतल्या मुलीचें आहे; परंतु त्यांत घरांतील माणसें जशीं आहेत तशीं, थोडक्या शब्दांत व बोलक्या चित्रांत येतात, आणि कोणी कोणास उपदेश करीत नाहीं. खेड्यांतील मूल तें ऐकून आपल्या आजीविषयीं बोलूं लागेल.

मग कांहींच वर्ज्य नाहीं काय? आहे. ज्या पुस्तकांत काळ्या वर्णास, लंगड्यास, एखाद्या जातीच्या माणसास हंसें केलेलें असतें, किंवा मुलगी प्रत्येक चित्रांत केरसुणी घेऊनच उभी असते, तीं या वयांत देऊं नयेत. पुढें चौथी-पांचवींत तीं वाचून त्यांच्याशीं वाद घालावा, तोहि अभ्यासच आहे. परंतु आरंभींच्या दोन वर्षांत मुलाजवळ वादाचें बळ नसतें, म्हणून तेवढा अधिकार वडिलांनीं आपल्याकडे ठेवावा. त्यापलीकडे मात्र निवड मुलाची. तें एकच पुस्तक दहा वेळां मागूं लागलें, तर रागावूं नये. दहाव्या खेपेस तें अक्षरें सोडवीत नसतें, वाचीत असतें.

पैशांची अडचण आम्ही जाणतों. १९५७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचीं व २००४ सालीं निघालेल्या प्रथम बुक्सचीं मराठी चित्रपुस्तकें बेताच्या किमतींत मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरील गोष्टी तर फुकट वाचतां येतात व छापूनहि घेतां येतात. पुस्तकें आलीं कीं तीं कपाटांत कुलुपाखालीं जाऊं नयेत, ही एक अट. फाटतील तर फाटूं द्यावींत, कागद डिंकानें चिकटतो. ज्या आईबापांस अक्षर येत नाहीं त्यांनीं चूल पेटवितांना मुलास मोठ्यानें वाचावयास सांगावें व "पुढें काय झालें?" एवढें विचारावें. आणि ज्या घरचीं माणसें दिवाळीपूर्वीं कारखान्याकडे निघतात, त्यांच्या मुलांच्या गांठोड्यांत दोन पातळ पुस्तकें बांधून द्यावीं. वहींत नांव लिहून ठेवावें. वैशाखांत परत आलीं तर उत्तम, न आलीं तर नव्या वर्गणींतून तींच पुन्हां आणावीं.