सोंग आणि ढोंग

आजचे वाचन : २ शमुवेल १२:१–१३, सोबत १ करिंथ अध्याय ८



आपलं क्रमवार वाचन आज नाथान आणि दावीद यांच्यापाशी आलं आहे. या अध्यायावर मी आधीही मनन लिहिलं आहे. पण या खेपेला तो माझ्यासाठी वेगळा झाला, आणि त्याला कारण माझ्या पुतण्याची वही.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही जरा बोला त्याच्याशी. बॅगेत फासे सापडलेत. आणि वहीत मंत्रांची यादी आहे." त्यांचा आवाज कापत होता. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तरुण संघात गिटार वाजवतो. वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं : मांत्रिक, वय २३०, अमुक शक्ती, तमुक शाप. आईचं काळीज आहे, घाबरणारच.

मी त्याला विचारलं तेव्हा तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "काका, रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडला मित्राच्या फ्लॅटवर या. बघा. मग बोला." मी गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. यात पट नसला तरी चालतो, मोबाइल तर लागतच नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो : तुम्ही जंगलात आहात, पूल तुटला आहे, काय कराल? बाकीचे आपापलं पात्र घेऊन उत्तर देतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. अवघड गोष्ट जमते की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. म्हणजे बोलत बोलत केलेलं नाटकच, फक्त संहिता कोणाच्याच हातात नाही. फाशांबद्दल वहिनींना वाटणारी भीती जुगाराची होती. इथे पैसा लावत नाहीत, आणि चिठ्ठ्या टाकून तर मत्थियाची निवड झाली होती, तेव्हा तो मुद्दा मी तिथेच सोडला.

मंत्रांचा मुद्दा मात्र सोडता येत नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं हे सगळं स्पष्ट मना केलं आहे. इफिसात विश्वास ठेवलेल्यांनी जादूची पुस्तकं जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. हा खेळ याच रांगेत बसतो असं अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती घरांना १९८०च्या दशकात वाटलं. जॅक चिक यांनी १९८४ मध्ये चित्रांची एक पुस्तिका काढली, तिच्यात खेळणारी मुलगी थेट चेटकिणींच्या टोळीत जाते. त्याआधी १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला होता आणि वर्तमानपत्रांनी याच खेळाकडे बोट दाखवलं होतं. पुढे कळलं की पोरगा आतून खचलेला आणि एकटा होता. खेळाला दोष देण्याच्या घाईत ते कोणाला दिसलं नाही.

आता माझं सांगतो. दहा वर्षांचा असताना नाताळच्या नाटकात मी हेरोद झालो होतो. काजळाच्या मिश्या, आईची जरीची साडी खांद्यावर, आणि बेथलेहेमातली बाळं मारण्याचा हुकूम मी असा गरजून दिला की पाळक साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्यात हेरोद शिरला असं कोणालाच वाटलं नाही. का? कारण ते सोंग आहे हे मला ठाऊक होतं आणि समोरच्या मंडळीलाही.

आपल्या भाषेत सोंग आणि ढोंग हे शब्द जोडीने येतात, पण दोघांत फरक आहे. सोंगात सगळ्यांना माहीत असतं. ढोंगात एकालाच माहीत असतं, कधी कधी त्यालाही नसतं. प्रभू येशू परूश्यांना ज्या शब्दाने हाक मारतो आणि आपण ज्याचं भाषांतर 'ढोंगी' असं वाचतो, तो मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरच्या नटासाठी वापरत. गंमत बघा : प्रभूचा राग रंगमंचावर उभ्या असलेल्या नटांवर नाही, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांवर आहे. तकोवाची ती चतुर बाईसुद्धा सुतकाची वस्त्रं घालून विधवेचं सोंग घेऊन राजापुढे गेली होती. तेही याच पुस्तकात, दोन अध्याय पुढे.

एवढं मनात जुळवून मी निर्धास्त बसलो होतो. मग एक गोष्ट घडली.

टेबलावर एक मुलगा होता, सुरगाण्याकडचा. पुतण्याच्या मांत्रिकाने एका मेलेल्या सरदाराच्या आत्म्याला बोलवायचं ठरवलं आणि गोष्ट चालवणाऱ्याने दिवे मंद केले. हा मुलगा उठला, "पाणी पिऊन येतो" म्हणाला, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिला. मी मागे गेलो. हळू आवाजात म्हणाला, "काका, माझे आजोबा भगत होते. आमच्याकडे हे खेळात नसतं." त्या भागात बोहाडा होतो. रात्री संबळाच्या तालावर देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. ज्या घरात एखाद्या सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या असतो, त्या घराला तो मुखवटा म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड नसतं. हे घर प्रभूकडे आलं त्याला जेमतेम वीस वर्षं झाली.

पौल करिंथकरांना मूर्तीच्या नैवेद्याबद्दल लिहितो ते इथे आठवलं. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा होते, पेढा हातावर येतो, आणि आपण प्रत्येक जण दरवर्षी नव्याने ठरवतो काय करायचं. पौलाचं म्हणणं साधारण असं की मूर्ती काही नाही हे तुला कळतं, छान. पण तुझ्या शेजारी बसलेल्याला अजून ते तसं वाटत नसेल, तर तुझ्या ज्ञानाखाली तो चिरडला जातो. पुतण्यासाठी तो मंत्र कागदावरचा आकडा आहे. त्याच्या मित्रासाठी तो आजोबांचा आवाज आहे. खेळ तोच, टेबलही तेच.

मी पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. दिवे लागले, सरदाराचा आत्मा गेला, त्याऐवजी एक म्हातारा पहारेकरी निघाला आणि गोष्ट पुढे सरकली. कोणाचं काही बिघडलं नाही.

मग मलाही एक पात्र दिलं. चोर. (वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही.) आम्ही किल्ल्यात शिरलो, एका तरुण शिपायाला पकडलं. वाट दाखवलीस तर सोडू, असं मीच त्याला वचन दिलं. त्याने वाट दाखवली. आता तो ओरडला तर आम्ही सगळे अडकणार. मी म्हणालो, "संपवा त्याला." पुतण्याने विचारलं, "काका, नक्की?" मी म्हणालो, "अरे, इलाज नाही. आणि खेळच आहे."

फासा टाकायचीही गरज पडली नाही. त्याचे हात बांधलेले होते.

स्कूटरवरून घरी येताना शरणपूर रोडच्या सिग्नलला ते दोन शब्द पुन्हा ऐकू आले. इलाज नाही. हे मी कुठे म्हणालो होतो ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी, सातपूरला, ऑडिटच्या वेळी. एका कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराने माझ्याच तोंडी सांगण्यावरून नोंद बदलली होती. विचारणा झाली तेव्हा "तुझं नाव येऊ देणार नाही" असं त्याला सांगितलं होतं, आणि मग त्याचंच नाव पुढे केलं. तो दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. त्या रात्रीही मी घरी येऊन प्रार्थना केली होती, मनन लिहिलं होतं. तुमच्यातल्या काहींनी ते वाचून आमेन लिहिलं होतं.

नाथान दावीदाला आरोप सांगत नाही, गोष्ट सांगतो. गरिबाची एक कोकरी, श्रीमंताचा पाहुणा. दावीद गोष्टीत शिरतो, न्यायाधीश होतो, संतापतो, शिक्षा सुनावतो. गोष्ट खोटी होती, पण संताप खरा होता, आणि तो दावीदाचाच होता. म्हणून नाथानला पुढे बोट दाखवता आलं. उरीया मेल्यावर दावीद किती दिवस राजाच्या आसनावर बसून न्याय करत होता, विचार करा. सोंग तिथे होतं की या गोष्टीत?

माझ्या बाबतीत उलट झालं. दावीद गोष्टीत शिरून स्वतःपेक्षा चांगला निघाला. मी जसा आहे तसाच निघालो.

म्हणून पुतण्याला मी "खेळू नकोस" असं सांगितलं नाही. "खेळच आहे" असं पुन्हा कधी म्हणू नकोस, एवढं सांगितलं. पात्र कागदावरचं असतं, निवड तुझी असते. शनिवारी रात्री तीनपर्यंत जागून रविवारची उपासना बुडवली तर मात्र वही मी स्वतः जप्त करीन, हेही सांगितलं. त्याने मान्य केलं. त्या मुलाला पुढच्या वेळी गोष्ट चालवायला द्यायचं ठरलं आहे. म्हणजे काय येईल आणि काय येणार नाही हे त्याच्या हातात राहील.

सातपूरच्या त्या पोराचा नंबर शोधायला मला चार दिवस लागले. तो आता सिन्नरला आहे. मी नाव सांगितल्यावर बराच वेळ गप्प होता. मी काय केलं ते मी सांगितलं, कारणं सांगितली नाहीत. तो म्हणाला, "बरं, साहेब." आणि फोन ठेवला. ज्यांच्यापुढे त्याचं नाव घेतलं होतं, त्यांच्याकडे सोमवारी जायचं आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.

वहिनी अजून राजी नाहीत. पण परवा त्यांनी विचारलं, "त्या सुरगाण्याच्या मुलाला आपल्याकडे जेवायला बोलवू का?"

उद्याचे वाचन : २ शमुवेल १२:१४–३१