वारसा आणि स्वधर्म

परदेशी वाढणाऱ्या मुलाने आईबापांच्या देशाचे व्हावे की जन्मभूमीचे, हा प्रश्न आज अनेक भारतीय गृहस्थांच्या घरी उभा आहे. कोणाचा पुत्र, कोणाची नात अमेरिकेत आहे. या संदर्भात तेथील एक जुना न्यायनिर्णय ध्यानात घेण्याजोगा आहे.

पंजाबचे शीख गृहस्थ भगतसिंग थिंड १९१३ साली अमेरिकेस गेले व पहिल्या महायुद्धात त्या देशाच्या सैन्यात दाखल झाले. तरीही १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते श्वेतवर्णी नव्हेत म्हणून त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. युरोपीयांची मुले त्या समाजात लवकरच मिसळून जातात. हिंदू आईबापांची मुले मात्र वंशाची खूण कायम बाळगतील, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सर्वच भारतीयांना तेव्हा तेथे ‘हिंदू’ म्हणत. पुढे १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला आणि १९६५ च्या कायद्यानंतर अनेक सुशिक्षित भारतीय तेथे स्थायिक झाले. त्यांची मुले तेथेच जन्मली, शिकली आणि त्या समाजाशी पुष्कळशी एकरूपही झाली.

आता चिंता उलट दिशेने घरात शिरली आहे. मुलगा शाळेत आपले नाव आखूड करून सांगतो, आजीशी बोलताना मातृभाषेत अडखळतो, मित्र आले की देवघराचे दार लोटून घेतो. पित्यास वाटते, कुळाचा वारसा संपला.

वस्तुतः न्यायालय व पिता एकाच भ्रमात आहेत. दोघेही वारसा म्हणजे बाह्य खूण समजतात. ती पुसणार नाही म्हणून एकाने दार बंद केले. ती पुसली म्हणून दुसरा शोक करतो. परंतु धर्म ही खूण नव्हे. ते आचरण आहे.

मग भाषा, सण, आहार यांना मोल नाही काय? अवश्य आहे. भाषा गेली की आजी-नातीमधील पुष्कळ काही तिच्याबरोबर जाते. ही हानी खरीच आहे. पणतीवाचून तेल राहत नाही. पण तेलावाचून पणती उजळत नाही. मुलाने नाव आखूड केले, त्याआधी पित्याने कचेरीत आपले नाव बदलले नव्हते ना? देवघराचे दार लोटण्याची लाज मुलास कोणी शिकविली? जी गोष्ट पिता चारचौघांत लपवितो, ती जपण्याची आज्ञा पुत्रास पटत नाही.

शिवाय, ज्या भूमीत जन्म झाला तेथील शेजाऱ्यांचे, तेथील समाजाचे ऋणही त्या मुलावर आहेच. ते प्रामाणिकपणे फेडणे हा स्वधर्माचा त्याग नव्हे. तो स्वधर्माचाच भाग होय.

अठरा अध्यायांचा उपदेश केल्यावरही भगवंतांनी निर्णय अर्जुनाच्या विचारावरच सोपविला. गृहस्थानेही तसेच करावे. जे आपल्यापाशी उत्तम आहे ते संकोच न बाळगता आचरावे, प्रेमाने सांगावे आणि स्वीकाराचा अधिकार मुलाकडे ठेवावा. बळाने दिलेला वारसा ओझे होतो. स्वतः उचललेलाच आपला होतो.