श्रद्धा आहे म्हणून विचारलं





घरातल्या लहानाने मोठ्यांना "हे खरं आहे का?" असं विचारलं, तर तो उद्धटपणा की सेवा? प्रश्न जुनाच आहे, पण मोबाईल आल्यापासून तो रोज सकाळी चहाच्या आधीच समोर येतो.

गेल्या महिन्यात एका परिवार ग्रुपवर महाराजांचा फोटो लावलेला संदेश आला. मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, अमुक पाल्याचा रस घ्या, असं महाराजांनी सांगितल्याचं त्यात लिहिलं होतं. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "हे महाराज कोणत्या प्रवचनात म्हणाले?" उत्तर आलं, "श्रद्धा नसेल तर वाचू नकोस, बाळा." खाली सात-आठ जणांचे जोडलेले हात. मुलगी गप्प झाली आणि संदेश पुढे गेला. गोळ्या कुणी खरंच सोडल्या का, ते कोण सांगणार!

आपण एरवी म्हणतो, ही पिढी मोबाईलने बिघडली, यांना शिकवायला हवं. शिकवायला हवं हे खरंच. पण शिकवल्यावर काय होतं, याचा नीट अभ्यास झालेला आहे, आणि तोही आपल्याच देशात, बिहारमध्ये. सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी 2019 च्या निवडणुकीच्या वेळी हजाराहून जास्त मोठ्या माणसांवर एक प्रयोग केला. खोटी बातमी कशी ओळखायची, हे घरी जाऊन तासभर समजावून सांगितलं. एकंदरीत फारसा फरक पडला नाही. तासाभराच्या उपदेशाने वर्षांची सवय जात नाही, हे आपल्याला प्रवचनाच्या अनुभवावरून सांगता आलं असतं म्हणा!

पण त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बिहारमध्येच आठवी ते बारावीच्या मुलांसाठी वर्ग घेतले. 583 गावं, तेरा हजारांवर मुलं. एकदाच नाही, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. बातमी कुठून आली, अफवा का पसरतात, आपल्या मनाला जे आवडतं तेच खरं का वाटतं, असं सगळं शिकवलं. मुलांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं आणि चार महिन्यांनीही ते टिकून होतं. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. ज्या आई-वडिलांना कुणी काहीच शिकवलं नव्हतं, त्यांच्यातही फरक दिसला. म्हणजे मुलांनी वर्गातलं घरी आणलं असणार. आणि माझ्या मते, त्या घरांनी ते आत येऊ दिलं असणार. आपल्या त्या नववीतल्या मुलीने आणलेलं मात्र दारातूनच परत गेलं.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांनी रागावू नये म्हणून हळूच सांगते. अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर खोट्या बातम्या कोण पाठवतं, हे तपासलं गेलं. बहुतेकांनी एकही पाठवली नव्हती. पण पासष्टीच्या पुढच्यांनी सगळ्यात तरुण गटाच्या जवळजवळ सातपट पाठवल्या होत्या. तो देश वेगळा, तिथली माणसं वेगळी, हे मान्य. तरी "बिघडली ती तरुण पिढी" हे वाक्य उच्चारताना जरा अडखळायला होतं.

"मी लिहिलं नाही, नुसतं फॉरवर्ड केलं," असं आपण सहज म्हणतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. ज्यांच्या झोळीत आपल्या आजीने मूठभर पीठ घातलं असतं, त्यांची ही गत. ती अफवा लिहिणारा कुणी एक असेल, पण पुढे ढकलणारे किती! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, त्यात बोलणं खरं असावं आणि हिताचंही असावं. मला वाटतं अंगठ्याने पुढे ढकललेलं हेही बोलणंच.

आता श्रद्धेचं. कठोपनिषदात नचिकेताचे वडील यज्ञात गायी दान देत होते. गायी कशा, तर दूध आटलेल्या, थकलेल्या. लहानग्या नचिकेताने ते पाहिलं. तिथे उपनिषद काय सांगतं ते बघा : त्या मुलाच्या मनात श्रद्धा शिरली, आणि मग त्याने विचारलं. शंका शिरली म्हणून नव्हे! वडिलांच्या दानाला उणेपणा येऊ नये, ही त्याची कळकळ. "मला कोणाला देणार?" एवढंच विचारलं, तेही तीनदा. वडील चिडलेच, पण उपनिषद मुलाच्या बाजूने उभं राहतं. आणि चांगदेवांची गोष्ट तर आपल्या घरातलीच. एवढे मोठे योगी, पण मुक्ताबाईला गुरू मानून बसले. वयाने ती पोरच होती.

मुलांनाही एक सांगणं आहे. ग्रुपवर सगळ्यांसमोर "फेक आहे" असा शिक्का मारू नका. आजोबांना फोन करा, शेजारी बसा, "हे कुठून आलं, आपण मिळून शोधू या का?" म्हणा. नचिकेताने वडिलांना खोटं म्हटलं नव्हतं, प्रश्न केला होता.

आपल्या केंद्रात महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर अर्धा तास, मोठ्या वर्गातली मुलं महाराजांच्या नावाने फिरणारे संदेश प्रवचनांच्या पुस्तकांत सापडतात का ते शोधून दाखवणार आहेत. एका रविवारी भागणार नाही, म्हणून वर्षभर ठेवलंय. ज्येष्ठांनी मोबाईल आणि चष्मा दोन्ही घेऊन यावं.

— एक सेविका, इंदूर केंद्र