दहा मिनिटांची फेरी

पाठ सैल सोडून बसा. उजवा तळहात उजव्या बरगड्यांच्या खालच्या काठावर ठेवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. हाताखाली यकृत आहे. ते धडधडत नाही, सहसा दुखतही नाही, म्हणून त्याची आठवण बहुतेकांना रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यावरच होते. आज ती रिपोर्टशिवाय होऊ द्या.

आता त्या यकृतातल्या एकाच पेशीवर मन आणा. तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे काही रेणू आहेत. त्यांना ग्राही म्हणतात, रिसेप्टर म्हणतात. त्यांतला एक निवडा आणि त्याच्यापाशी थांबा. शेजारून रक्त वाहतं आहे आणि त्यात एलडीएलचे कण आहेत. लिपिड प्रोफाइलमध्ये ज्याचा आकडा आपण धास्तावून शोधतो, तेच हे एलडीएल. त्याच्या एका कणात कोलेस्टेरॉलचे सुमारे दीड हजार रेणू भरलेले असतात. त्याला लगेच वैरी ठरवू नका. पेशीचं आवरण कोलेस्टेरॉलवाचून टिकत नाही. पित्तातली आम्लं आणि कित्येक संप्रेरकं त्याच्यापासूनच घडतात.

कण जवळ आला. ग्राहीनं त्याला धरलं. दोघं आवरणातल्या एका खळग्यात गेले. खळगा आत वळला, मिटला, त्याची इवलीशी पिशवी झाली आणि ती पेशीत शिरली. आत आम्लता वाढते, तशी ग्राहीची पकड सुटते. कण पुढे जातो. तिथली एन्झाइम त्याला फोडून कोलेस्टेरॉल मोकळं करतात. ग्राही मात्र माघारी पृष्ठभागावर येतो. या जाण्यायेण्याला साधारण दहा मिनिटं लागतात. ग्राहीचं आयुष्य वीसेक तासांचं. तेवढ्यात त्याच्या शंभरावर फेऱ्या होतात.

काही वेळ नुसतं हेच पाहा. धरणं, नेणं, सोडणं, परत येणं.

पेशीला कोलेस्टेरॉल स्वतःही बनवता येतं. त्या लांबलचक प्रक्रियेचा वेग ज्या एन्झाइमच्या हाती आहे, त्याचं नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. बाहेरून पुरेसं कोलेस्टेरॉल आत आलं, की पेशी या एन्झाइमचं काम थांबवते आणि नवे ग्राही बनवणंही कमी करते. टंचाई झाली, की दोन्ही वाढवते. गरजेपुरतं घ्यायचं आणि पुरे झालं की थांबायचं, हे ती कोणी न सांगता करते.

हे आपल्याला कळलं ते दोन लहान मुलांमुळे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघं डॉक्टर 1966 मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात इंटर्न म्हणून भेटले. पुढे बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना त्यांच्यासमोर एक बहीण-भाऊ आले. मुलगी सहा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. त्या वयात दोघांना हृदयविकार जडला होता आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल अफाट वाढलेलं होतं. आई आणि वडील, दोघांकडूनही एकाच जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली, तर असं होतं. साधारण तीन लाखांत एखाद्याला. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी दिसतात.

नंतर डॅलसमध्ये या दोघा डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. आता त्या बशीपाशी थांबा; घाई करू नका. निरोगी पेशींच्या द्रवात एलडीएल घातलं, की रिडक्टेजचं काम मंदावत होतं. रुग्णाच्या पेशींत ते मंदावतच नव्हतं. एन्झाइमची सक्रियता निरोगी पेशींच्या चाळीस ते साठ पट होती. म्हणजे एन्झाइमच बिघडलं असणार, असं कोणालाही वाटलं असतं. मग त्यांनी एलडीएलशिवाय नुसतं कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्या पेशींना दिलं. ते आवरणातून आपसूक आत झिरपलं आणि एन्झाइम मुकाट थांबलं.

एन्झाइम शाबूत होतं. पेशीला थांबणं ठाऊक होतं. तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. ग्राही नव्हता, म्हणून भोवती रेलचेल असूनही ती आतून उपाशी होती, आणि उपाशी होती म्हणून आणखी बनवत सुटली होती. या साऱ्या संशोधनात मला सर्वांत आतवर भिडतं ते हेच. ज्या पेशीला आपण हावरी समजलो असतो, ती खरं तर वंचित होती. ही गोष्ट मनात मुरू द्या.

1974 मध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या एलडीएलच्या साहाय्यानं त्यांनी तो ग्राही दाखवून दिला. 1985 मध्ये नोबेल मिळालं. एका रुग्णाच्या पेशींत तर निराळंच दिसलं: ग्राही होते, ते कणाला धरतही होते, पण खळग्यात जमत नव्हते. धरूनही आत नेता येईना. साडेआठशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीत एकच जागा चुकली होती.

डॅलसमध्ये हे काम सुरू होत असतानाच टोकियोत अकिरा एंडो बुरशीत औषध शोधत होते. सहा हजारांवर जाती तपासल्यावर क्योटोतल्या एका दुकानाच्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना रिडक्टेज अडवणारा पदार्थ सापडला. उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना, कोंबड्यांवर दिसला. स्टॅटिन औषधांची सुरुवात तिथून झाली, आणि 1987 मध्ये पहिलं स्टॅटिन अमेरिकेत बाजारात आलं.

तुम्ही रात्री ती गोळी घेत असाल, तर एकदा तिच्या मागोमाग मनानं यकृतापर्यंत जा. गोळी एन्झाइम अडवते. पेशीला टंचाई जाणवते. ती नवे ग्राही पृष्ठभागावर पाठवते आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. रक्त निवळतं ते पेशीच्याच कामामुळे. म्हणूनच ज्यांच्याकडे चालणारा ग्राही मुळी नाहीच, त्यांना स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही. 1984 मध्ये पिट्सबर्गला अशा एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवं यकृतही बसवलं, आणि तिचं कोलेस्टेरॉल झपाट्यानं उतरलं.

ग्राहीच्या जनुकाची बिघडलेली एकच प्रत असणारी माणसं मात्र दुर्मीळ नाहीत. अडीचशे-तीनशे जणांत एक तरी असतो, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. तुमच्या घरात कोणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, किंवा कोणाच्या टाचेमागच्या जाड कंडरेवर (टेंडनवर) गाठी असतील, तर तुमची, भावंडांची आणि मुलांचीही लिपिड प्रोफाइल करून घ्या. मुलं सडपातळ आहेत, घरचं खातात, म्हणून ती टाळू नका.