देवळाचा धनी कोण?

ज्या समाजाने देऊळ बांधले, त्याचा दरवाजा कोणासाठी उघडावा हे त्यानेच का ठरवू नये? बुऱ्हाणपुरी, आमच्या इतवाऱ्यात, हा वाद निघाला म्हणजे आम्हांस मुल्कीचा खटला आठवतो. दक्षिण कानडा जिल्ह्यातील तेथील श्रीवेंकटरमणाचे देवालय कोंकणीभाषी गौड सारस्वतांचे. मद्रास प्रांताचा १९४७ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू नाही, असे म्हणत विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. देऊळ त्या समाजाचेच, हे न्यायालयाने १९५७ साली मान्य केले. तरीही घटनेच्या २६ व्या कलमातील संप्रदायाचा हक्क २५ व्या कलमातील मंदिरप्रवेशाच्या तरतुदीस अधीन आहे, असा निर्वाळा दिला. काही विधी समाजापुरते ठेवण्याची मुभा मात्र राखली. अट एवढीच की, इतरांचा दर्शनाचा हक्क नाममात्र उरू नये.

या निवाड्यामागे एक नैतिक तत्त्व आहे, असे आम्ही मानतो. हिंदू कायद्यात देव ही विधिमान्य व्यक्ती; त्यास अर्पण केलेली मिळकत त्याची, विश्वस्त केवळ कारभारी. अर्पण करणारा आपले स्वत्व सोडतो. पूर्वजांचे कष्ट, वर्गणी, उत्सवाची रीत यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंपरा जपण्याचा अधिकार त्यातून खासच सिद्ध होतो. भक्तास दाराशी अडविण्याचा अधिकार मात्र त्यातून निघत नाही. पूजा कशी व्हावी, हे कारभाऱ्याने पाहावे; दर्शनास कोणी यावे, हे ठरविणे धन्याचे काम.