पुराचे पाणी व घराचा पाया

(शास्त्रभाग : लूक 6:46-49, 13:1-5)



घर बांधणाऱ्या दोघा मनुष्यांचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही ठाऊक आहे. तो सांगताना आपण बहुधा मत्तयाचे शुभवर्तमान उघडतो आणि खडक व वाळू यांविषयी बोलतो. लूक मात्र वाळूचे नाव घेत नाही. त्याच्या दाखल्यातील दुसऱ्या मनुष्याने पाया न घालता जमिनीवरच घर बांधले; खणण्याचे श्रम त्याने केले नाहीत. मग नदीस पूर आला व लोंढा घरावर आदळला. कृष्णाकाठी राहणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही.

कृष्णामाई महाबळेश्वराहून निघते. कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा, व नृसिंहवाडीस पंचगंगा. घाटावर दिवसचे दिवस पाऊस कोसळला म्हणजे या सर्वांचे पाणी एकाच वेळी खाली येते, आणि सपाट प्रदेशात ते लवकर उतरत नाही. 1 नदी दुसरीस अडविते, व पाणी मागे शेतांत शिरते. ज्या गाळाने आमचा ऊस पोसला, तो गाळ याच पाण्याने आणिला, हेही विसरू नये.

2019 सालच्या ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. घर सोडा, असे सांगणारे दारी आले, तेव्हा पुष्कळांनी उत्तर केले की, 2005 साली पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंतच आले होते, यंदाही तेथेच थांबेल. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विश्वास ठेविला. ती खूण बुडाली. पुढे 2021 सालच्या जुलैत पुन्हा महापूर आला.

त्या 2019 च्या पुरात, 8 ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांस बाहेर काढणारी होडी उलटली व 17 जीव गेले. सुटकेच्या वाटेवर असतानाच ते बुडाले. अशा वेळी कोणी तरी हळूच विचारतो, यांचे पाप काय होते? उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न तुमच्या कानी येईल, आणि त्याचे झटपट उत्तर देण्याचा मोह तुम्हांस होईल. तो मोह आवरा. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, तेव्हा प्रभूने स्पष्ट सांगितले की, ते यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होते असे नव्हे. मेलेल्यांचा हिशेब त्याने लोकांच्या हाती दिला नाही. जे जिवंत होते, त्यांसच त्याने पश्चात्ताप करावयास सांगितले. ज्या घरी प्रेत आले आहे तेथे जाऊन रडणाऱ्यांबरोबर रडावे. पापाची चौकशी करणे हे आमचे काम नव्हे.

मग पाया कोणता? मला प्रभु म्हणता व माझे सांगणे करीत नाही, हे का, असे विचारून येशूने हा दाखला सांगितला. ऐकून त्याप्रमाणे करणे हाच पाया. हे करणे उन्हाळ्यातच करावे लागते. लोंढा दारी आल्यावर कोणी पाया खणू शकत नाही. दोन्ही घरे कोरड्या दिवसांत सारखीच दिसत होती, हे ध्यानात ठेवा.

आमच्या नद्यांच्या काठी सरकारने पूररेषा आखिल्या आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये असा नियम आहे. तरी तेथे घरे उभी राहतात. त्या घरांतील गरिबास नावे ठेवू नका. जी जागा परवडली ती त्याने घेतली. ज्यास उंचावर जागा मिळाली आहे, त्याने मात्र विचार करावा की ती आपणा एकट्यासाठीच दिली गेली काय. पाणी चढल्यावर ज्याच्या सोप्यात शेजाऱ्यास, त्याची जात न विचारता, व त्याच्या म्हशीसही ठाव मिळतो, त्याने दाखला ऐकिला असे मी म्हणेन. गुरांस सोडवत नाही म्हणून कित्येक माणसे पाण्यात अडकून राहिली. नीतिमान आपल्या जनावराच्याही जिवाची काळजी घेतो असे शास्त्र शिकविते. तेव्हा त्यांस हसू नका, दावी आधीच सोडावयास मदत करा.

पूर ओसरल्यावर दुसरी कसोटी येते, ती पंचनाम्याची. तलाठी दारी बसला असता, न पडलेली भिंत पडली म्हणून लिहविणे सोपे असते. भाडेकऱ्याचे, मजुराचे, एकट्या विधवेचे नाव राहून जाणे त्याहून सोपे असते. जो आपल्या नावापुढे खोटे लिहवीत नाही, आणि विधवेचे नाव लिहिले जाईपर्यंत तेथून उठत नाही, त्याचे घर मातीचे असले तरी त्याचा पाया खोल गेलेला आहे.

यास्तव मृग लागण्यापूर्वी प्रत्येक मंडळीने एका रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ बसावे. अंथरुणास खिळलेला कोण आहे, बाळंतीण कोण, एकटी म्हातारी कोण, व त्यांस कोण उचलून नेणार, हे नावानिशी ठरवावे. ज्या गावी मंदिर उंचावर आहे, तेथे त्याची किल्ली कोणाजवळ असते हे साऱ्या गावास, आपल्या व इतर धर्मांच्याही लोकांस, ठाऊक असू द्यावे.