गुरूची शेज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, कार्तिक पौर्णिमेला गुरु नानकांची जयंती आणि बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष पौर्णिमेला, आपली दत्तजयंती. गेल्या वर्षी हा मधला महिना मला फार जड गेला. श्रावणात बाबा वारले. आयुष्यभर त्यांनी दत्तसप्ताहात गुरुचरित्राचं पारायण केलं. त्यांच्यामागे पोथी माझ्याकडे आली, पण बासन सोडायला हात धजेना. खरं सांगू? मी आजवर पारायण केलं ते घड्याळाकडे पाहत. बावन्न अध्याय, सात दिवस, झालं एकदाचं!

यवतमाळला आमच्या शेजारी एक सरदारजी राहतात. बोली आमचीच. "मास्तर, पंजाबातून रागी आले हायेत, तीन दिवस कीर्तन हाये. या जी," म्हणाले. गेलो. डोक्याला रुमाल बांधला, पाय धुतले, सतरंजीवर बसलो.

कीर्तन म्हटलं की आपल्याला पूर्वरंग, उत्तररंग, बुवांचं आख्यान आठवतं. इथे तसं नाही. पेटीवर दोघे, तबल्यावर एक, आणि शबद तेवढा गायचा. गुरु ग्रंथ साहिबाची मांडणीच रागवार आहे, त्यामुळे गाणं आणि ग्रंथ वेगळे काढता येत नाहीत. शेवटी कडाह प्रसाद. आपला शिराच म्हणा, पण कणकेचा. कणीक, तूप, साखर समभाग. ओंजळीत घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी एका शबदाच्या अखेरीस 'नामदेव' असं कानी आलं आणि मी ताठ बसलो. अहो, आपले नरसीचे नामदेव! त्यांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत, कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या सोबतीला.

तिसऱ्या रात्री मात्र जे पाहिलं ते विसरत नाही. कीर्तन संपलं, ग्रंथ मिटला, रुमाल्यांत गुंडाळला. एकाने तो डोक्यावर घेतला, दुसरा चवरी ढाळत मागे चालला. शेजघरात पलंग, गादी, पांघरूण. याला सुखासन म्हणतात. १७०८ साली नांदेडला गुरु गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल! पण गुरूला निजवताना पाहिलं ते त्या रात्री.

मला पैनगंगेपलीकडचं माहूर आठवलं. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि निद्रा माहूरला, असा आपल्या प्रभूंचा नित्यक्रम. आणि आठवले बाबा. वाचन झालं की ते पोथीवर आपली शाल घालीत, थंडी असली तर दुहेरी. मी हसायचो, "बाबा, पोथीला काय थंडी वाजते?" ते काही बोलत नसत.

मंडळातल्या एकाने टोकलं, "सप्ताह तोंडावर असताना तिकडे कशाला गेलात?" ज्या अवधूताने अजगराला आणि मधमाशीलाही गुरू मानलं, त्याच्या भक्ताने हे विचारावं! मी वाद घातला नाही. मनात माझंच ओझं होतं.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी बासन सोडलं. ओवी ओवी वाचत गेलो. नेमाचे अध्याय पुरे व्हायला रोजच्यापेक्षा दीड तास जास्त लागला. सौ. दोनदा डोकावून गेली. वाचन झाल्यावर पोथी बांधली, चौरंगावर ठेवली. बाबांची शाल कपाटात वरच्या खणात होती. स्टुलावर चढून ती काढली.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!